घरी चालतो, ऑफिसला पोचला की मरतो: काफ्का आणि डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसचे डेमो रोज सकाळी का पडतात

तीन आठवडे डोकं खाल्लं या प्रकाराने, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमच्याकडे पण कोणी "जरा दोन-चार ओपन सोर्स डेमो चालवून बघ आणि सांग कुठलं बरं" असं काम चिकटवलं असेल तर निदान तुमचे तरी दिवस वाचतील.

काम साधं होतं. आमच्या टीमला एक इव्हेंट स्ट्रीम (काफ्कासारखी, नोंदी रांगेने पुढे पोचवणारी व्यवस्था) आणि त्याच्या मागे एक डिस्ट्रिब्युटेड, म्हणजे अनेक नोडवर पसरलेला, डेटाबेस निवडायचा होता, तर लोकांनी आधीच बनवून ठेवलेले डेमो लॅपटॉपवर उठवायचे, त्यात आपला थोडा डेटा सोडायचा आणि तुलना करायची. डेटा म्हणून मी आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या गेटसारख्या नोंदी बनवल्या, गाडी आत आली, गाडी बाहेर गेली, पाण्याचा टँकर आला, कुरियरवाला आला, प्रत्येक नोंदीला एक आयडी. अशा १०,००० नोंदी काफ्कात टाकायच्या आणि पलीकडे डेटाबेसमधे मोजायच्या. बस एवढंच.

रात्री घरी सगळं मस्त चालायचं. लॅपटॉप बंद करून झोपायचो, सकाळी भांडुप ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका, ऑफिसात जाऊन झाकण उघडलं की कंझ्युमर, म्हणजे काफ्कातून नोंदी उचलून डेटाबेसमधे टाकणारा प्रोग्राम, मेलेला. म्हणजे कंटेनर (प्रोग्राम ज्या बंद डब्यात चालतो तो) जिवंत, ते चालवणाऱ्या डॉकरमधे हिरवे टिकमार्क, पण एक नोंद पुढे सरकत नाही. मग मी काय करायचो, सगळं पाडायचं आणि डेमोची स्टार्ट स्क्रिप्ट परत चालवायची, की लगेच चालू! दुसऱ्या दिवशी परत तेच.

रिस्टार्टने बरं होतंय म्हटल्यावर कोणालाही वाटणार की लॅपटॉप झोपला म्हणून झालं, किंवा मेमरी भरली. मी आठवडाभर स्लीपच्या सेटिंगच्या मागे लागलो होतो. झोपू दिलं नाही, चार्जरला लावून रात्रभर जागा ठेवला, तरी ऑफिसला आल्यावर पडलाच. मग टीममधली एक पोरगी सहज म्हणाली, "अरे पण शनिवार-रविवार घरी असतोस तेव्हा पडतो का रे?" नाही पडत. शनिवारी नाही, रविवारी नाही, सोमवारी सकाळी पडतो. म्हणजे प्रश्न झोपेचा नव्हताच, प्रवासाचा होता.

लॉगमधे जी ओळ रोज दिसत होती आणि मी रोज वगळत होतो ती अशी होती, कनेक्शन टू नोड १, पुढे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, कुड नॉट बी एस्टॅब्लिश्ड, ब्रोकर मे नॉट बी अव्हेलेबल (ब्रोकर म्हणजे काफ्काचा सर्व्हर). तो पत्ता माझ्या घरच्या वायफायचा! ऑफिसात तो अस्तित्वातच नाही. डेमोच्या स्टार्ट स्क्रिप्टमधे कोणीतरी हुशारी केली होती, लॅपटॉपचा त्या क्षणाचा आयपी शोधायचा आणि एन्व्ह फाइलमधे (सेटिंगच्या फाइलमधे) टाकायचा, तिथून तो काफ्काच्या ॲडव्हर्टाइज्ड लिसनरमधे जायचा. स्क्रिप्ट परत चालवली की नवा आयपी, म्हणून रिस्टार्टने बरं व्हायचं. औषध लागू पडत होतं पण भलत्याच रोगावर.

हे काफ्काचं ॲडव्हर्टाइज्ड लिसनर प्रकरण ज्याला कळलं त्याचे निम्मे डेमो सुरळीत चालतात, म्हणून इथे जरा थांबतो. तुम्ही क्लायंटला जो बूटस्ट्रॅप पत्ता देता तो फक्त गेटवरचा वॉचमन. तुम्ही विचारता, अमुक टॉपिकच्या (नोंदींच्या रांगेच्या) अमुक पार्टिशनचा (त्या रांगेच्या तुकड्याचा) मालक कुठे राहतो? वॉचमन रजिस्टर बघतो आणि सांगतो, बी विंग ४०२. मग क्लायंट वॉचमनला सोडून थेट बी विंग ४०२ ला जातो. रजिस्टरमधे जे लिहिलंय ते म्हणजे ॲडव्हर्टाइज्ड लिसनर. रजिस्टर जुनं असेल तर गेट उघडं असून उपयोग नाही, तुम्ही बंद दारावर टकटक करत बसणार. म्हणून टेलनेटने काफ्काचा ९०९२ पोर्ट तपासला तर "कनेक्ट होतंय की" असं दिसतं आणि माणूस अजूनच गोंधळतो.

आता एक खूण सांगतो जी मला तीन आठवड्यांनी कळली. लॉगमधे नोडचा नंबर बघा. नोड उणे १ असेल तर वॉचमनच भेटला नाही, म्हणजे बूटस्ट्रॅप पत्ता चुकलाय किंवा ब्रोकर उठलाच नाही. नोड १ किंवा २ असा खरा नंबर असेल तर वॉचमन भेटला, बहुतेक रजिस्टर चुकीचं आहे. बूटस्ट्रॅपच्या नोडना काफ्काचा क्लायंट स्वतःच उणे नंबर देतो, कारण खरा आयडी त्याला तोपर्यंत माहीत नसतो. या एका उणे चिन्हावर अर्धा दिवस वाचतो. आणि केकॅट नावाचं छोटं टूल आहे, आधी काफ्काकॅट म्हणायचे, त्याला मोठं एल लावून चालवलं की ब्रोकर स्वतःचा पत्ता काय सांगतोय ते सरळ छापून येतं.

उपाय: दोन लिसनर ठेवा. एक आतला, कंटेनर एकमेकांशी बोलतात त्यासाठी, पत्ता काफ्का आणि पोर्ट २९०९२, म्हणजे कंपोजमधलं (एका फाइलवरून सगळे कंटेनर उठवणारं डॉकरचं टूल) सर्व्हिसचं नाव. दुसरा बाहेरचा, लॅपटॉपवरून तुम्ही स्वतः जोडता त्यासाठी, पत्ता लोकलहोस्ट आणि पोर्ट ९०९२. आयपी कुठेच नको. सगळीकडे लोकलहोस्ट ठोकून दिलं तर पण चालत नाही, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, मग कंझ्युमर स्वतःच्याच दारावर टकटक करतो. आणि बदल केल्यावर डॉकर कंपोज रिस्टार्ट मारू नका, रिस्टार्ट जुन्याच एन्व्हायर्नमेंटवर कंटेनर परत उठवतो, कंपोज अप करा म्हणजे कंटेनर नवीन बनतो. मी हे विसरून एकदा दुपारभर "बदल लागूच होत नाय" म्हणून शिव्या घालत होतो.

बरेच जुने डेमो अजूनही ॲडव्हर्टाइज्ड होस्ट म्हणून १९२.१६८.९९.१०० घेऊन बसलेत, तो डॉकर मशीनच्या जमान्यातला व्हर्च्युअलबॉक्सचा पत्ता. असा आकडा दिसला की समजायचं, या घरात बऱ्याच दिवसांत कोणी झाडू मारलेला नाही.

बरं, हे सुटलं आणि मला वाटलं झालं. तर कसांड्रा, म्हणजे तुलनेतला एक डेटाबेस, पडायला लागला, एक्झिट १३७. हा आकडा म्हणजे प्रोसेसला बाहेरून सिग्नल ९ ने मारलंय, आणि मारेकरी बहुतेक वेळा मेमरीच. डॉकर इन्स्पेक्टमधे ओओएमकिल्ड (मेमरी संपली म्हणून मारलं) समोर ट्रू दिसतं का बघा.

गंमत अशी की मी हुशारीने प्रत्येक कसांड्रा नोडला १ जीबीची मर्यादा घातली होती. तरी मरत होता. किंबहुना त्यामुळेच मरत होता! कसांड्राची सुरुवातीची स्क्रिप्ट हीप (जावाची कामाची मेमरी) किती घ्यायचा ते फ्री कमांडचं उत्तर बघून ठरवते, आणि फ्रीला कंटेनरची मर्यादा दिसत नाही, त्याला अख्ख्या मशीनची मेमरी दिसते. माझ्या डॉकरच्या व्हीएमला ८ जीबी दिलेली, त्याचा पाव म्हणजे २ जीबी हीप प्रत्येक नोडने ठरवून टाकला. १ जीबीच्या खोलीत २ जीबीचं कपाट. मर्यादा काढून टाकली तर तीन नोडचे ६ जीबी, वर काफ्काचा स्टार्ट स्क्रिप्टमधला १ जीबी, कनेक्ट, यूआय, मग कोणीतरी मरणारच, आणि कोण मरणार ते दर वेळी वेगळं. म्हणून लोकांना वाटतं काल काफ्का बिघडलेला आज कसांड्रा बिघडला. मॅक्स हीप साइज ५१२ एम आणि हीप न्यूसाइज १२८ एम, दोन्ही जोडीने कंपोजमधे घाला, मग कंटेनरची मर्यादा त्याच्या दुपटीच्या वर ठेवा. टायकेव्हीचा (टायडीबी डेटाबेसचा साठवणीचा भाग) पण असाच स्वभाव, त्याची ब्लॉक कॅश डीफॉल्टने मेमरीच्या ४५ टक्के घेते, एका लॅपटॉपवर तीन नोड उठवलेत तर हिशोब करा.

आणि कसांड्राचे तीन नोड एकदम उठवू नका. एक जण रिंगमधे (नोडच्या गटात) शिरत असताना दुसऱ्याने पण शिरायचा प्रयत्न केला की तो नकार देतो, अदर बूटस्ट्रॅपिंग नोड्स डिटेक्टेड असं म्हणून बंद पडतो. दादरला दारात जसं एकाच वेळी चौघं घुसायला बघतात तसं इथे चालत नाही, रांगेत. कंपोजमधे हेल्थचेक लावून एकामागे एक उठवा.

सायला (कसांड्रासारखा डेटाबेस) आणि रेडपांडा (काफ्काच्या जागी चालणारा) एकत्र चालवणार असाल तर एक वेगळाच खड्डा. दोघंही सीस्टार या एकाच पायावर बांधलेले, दोघंही लिनक्सच्या असिंक्रोनस आयओच्या जागा आधीच अडवून ठेवतात, पहिला उठतो आणि दुसरा "एआयओ मॅक्स एनआर पुरेसा नाही" म्हणून पडतो. कर्नलचा तो आकडा मुळात ६५,५३६ असतो, तो १०,४८,५७६ करा. रेडपांडाला एसएमपी १, मेमरी १ जी आणि ओव्हरप्रोव्हिजन्ड हे तीन झेंडे (कमांडचे पर्याय) लावा, नाहीतर तो मशीन आपल्या बापाचं समजून सगळे कोअर घेतो.

आता मी रोज सकाळी जे डाउन करायचो त्याबद्दल. कंपोज डाउन मारलं आणि परत अप केलं की कधी कधी काफ्का उठायलाच नकार द्यायचा, इनकन्सिस्टंट क्लस्टर आयडी. झूकीपर (काफ्काच्या क्लस्टरची माहिती सांभाळणारा वेगळा प्रोग्राम) असलेल्या जुन्या डेमोंचं हे दुखणं. कंपोज फाइलमधे काफ्काच्या डेटाला नाव असलेलं व्हॉल्यूम (डाउननंतरही टिकणारी साठवण) दिलेलं असतं आणि झूकीपरला दिलेलं नसतं, मग डाउन केल्यावर काफ्काची आठवण राहते, झूकीपरची जाते. नवा झूकीपर नवा क्लस्टर आयडी देतो, काफ्काच्या मेटा प्रॉपर्टीज फाइलमधे जुना लिहिलेला, दोघांचं जमत नाही. यावर इंटरनेटवर सगळे सांगतात मागे व्ही लावून डाउन करा. होतं बरं, पण सगळा डेटा पुसून. मी आठवडाभर तेच करत होतो आणि वर तुलनेचा तक्ता भरत होतो की "रिस्टार्टनंतर डेटा टिकतो का". काय टिकणार, मीच रोज पुसत होतो! झूकीपरला पण नाव असलेलं व्हॉल्यूम द्या, किंवा डेमो क्राफ्टवर (काफ्काची झूकीपरशिवाय चालायची पद्धत) आणा. क्राफ्ट काफ्का ३.३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रोडक्शनसाठी तयार म्हणून जाहीर झालंय आणि २०२५ च्या ४.० मधे झूकीपर काढूनच टाकलाय. डेमोत झूकीपर दिसला की तो किती जुना आहे ते तिथेच कळतं.

तसंच इमेज (कंटेनरचा साचा) ओढली जात नसेल, मॅनिफेस्ट नॉट फाउंड वगैरे, तर इमेजच्या नावात बिटनामी (तयार इमेज पुरवणारे) आहे का बघा. त्यांनी २०२५ मधे फुकटच्या इमेज बिटनामी लेगसीत हलवल्या आणि कित्येक डेमो रातोरात मोडले. अपाचेची स्वतःची काफ्का इमेज आहे, ती घ्या, पण एन्व्हायर्नमेंटची नावं वेगळी असतात, नुसतं इमेजचं नाव बदलून भागत नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. हे सगळं नीट केल्यावर मी परत १०,००० नोंदी सोडल्या, मधेच कंझ्युमरला मारलं आणि परत उठवलं, कारण तुलना करायची तर पडझड बघायलाच पाहिजे. निकाल असा: कसांड्रात नोंदी बरोबर १०,०००. त्याच कसांड्रातल्या "आत आलेल्या गाड्या" वगैरेच्या काउंटर टेबलची बेरीज १०,५००. आणि कॉक्रोच या दुसऱ्या डेटाबेसमधे कंझ्युमर अडकलेला, तीच एरर परत परत. आमच्या साहेबांनी लगेच निष्कर्ष काढला, कसांड्रा चांगला, कॉक्रोच नाजूक. मी पण मान हलवणार होतो.

पण तिन्ही ठिकाणी घडलं एकच होतं. कंझ्युमर एका वेळी जास्तीत जास्त ५०० नोंदी उचलतो, मॅक्स पोल रेकॉर्ड्सचा डीफॉल्टच तेवढा. त्याने ५०० डेटाबेसमधे टाकल्या आणि ऑफसेट कमिट करायच्या, म्हणजे कुठपर्यंत वाचलं त्याची खूण ठेवायच्या, आत मी त्याला मारला. उठल्यावर काफ्काने त्याच ५०० परत दिल्या, हे काफ्काचं चुकलेलं नाही, किमान एकदा पोचवणं हाच करार आहे. कसांड्रात इन्सर्ट म्हणजे खरं तर अपसर्ट, तोच आयडी परत आला की गुपचूप वरून लिहितो, म्हणून मोजणी बरोबर दिसली. काउंटरला मात्र अधिक १ एवढंच कळतं, तो ५०० वेळा परत वाढला. आणि कॉक्रोचने प्रायमरी की आधीच आहे म्हणून एरर २३५०५ दिली, डेमोच्या कोडमधे ती पकडलेलीच नव्हती, कंझ्युमर पडला, उठला, त्याच ५०० मागितल्या, परत पडला. म्हणजे ज्याला आम्ही नाजूक म्हणत होतो तो एकटाच आम्हाला सांगत होता की तुमच्याकडे दुहेरी नोंदी येतायत, आणि ज्याला शाबासकी देत होतो तो झाकत होता. वॉचमनने एकच गाडी दोनदा लिहिली तर एक सेक्रेटरी खोडून गप्प बसतो, दुसरा मीटिंग बोलावतो, एवढाच फरक.

दुरुस्ती छोटी आहे. कॉक्रोच, युगाबाइट या डेटाबेसच्या एसक्यूएलमधे ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग लावा. बेरीज ठेवायची असेल तर ती त्याच ट्रान्झॅक्शनमधे आणि नोंद खरंच नवीन पडली असेल तरच वाढवा. कसांड्रात काउंटरवर पैशाबिशाचा हिशोब ठेवूच नका, आयडीच्या नोंदींवरून मोजा. आणि आयडी कुठे बनतोय ते नक्की बघा, एका डेमोत तो कंझ्युमरच्या आत यूयूआयडी (दर वेळी नवा बनणारा आयडी) म्हणून बनत होता, म्हणजे तीच घटना परत आली की नवा आयडी, मग अपसर्ट काय ऑन कॉन्फ्लिक्ट काय, दोन्ही बिनकामाचे. आयडी जिथे घटना घडली तिथेच चिकटला पाहिजे. शिवाय कॉक्रोचमधे ४०००१ ही एरर आली तर ती बिघाड नाही, ट्रान्झॅक्शन परत चालव एवढंच तो सांगतोय, कोडमधे रिट्रायचा लूप हवा.

यानंतर मी डेमोंकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. डेबेझियमचं ट्युटोरियल, मायएसक्यूएलच्या इन्व्हेंटरी डेटाबेसमधले बदल काफ्कात येताना दाखवणारं, लहान आहे आणि सगळ्यात प्रामाणिक वाटलं, सुरुवात तिथून करा. फक्त तेच पोस्टग्रेसवर करणार असाल तर कनेक्टर बंद करून विसरू नका, रिप्लिकेशन स्लॉट वॉल फाइल (बदलांची नोंदवही) धरून ठेवतो आणि डिस्क भरते. कॉन्फ्लुएंटचा सीपी डेमो विकिपीडियावर चालू असलेल्या एडिट्स थेट ओढतो, बघायला भारी, कोणालाही दाखवा, पण दर वेळी आत येणारा डेटा वेगळा असल्याने दोन रनची तुलना करायला कुचकामी, आणि डॉकरला ८ जीबी तरी हवीच. ओपनटेलिमेट्रीच्या डेमो दुकानात काफ्का फक्त चेकआउटच्या मागे आहे, पण त्यात काफ्काची रांग मुद्दाम तुंबवायचं एक फ्लॅग दिलंय, लॅग (कंझ्युमर किती मागे पडलाय ते) वाढताना कसा दिसतो ते शिकायला याहून सोपं काही नाही. युगाबाइटचा आयओटी फ्लीटवाला डेमो आमच्या गेटच्या डेटाला सगळ्यात जवळचा. आणि कॉक्रोच डेमो कमांडने मूव्हर हा नमुना डेटाबेस उठवलात आणि शेल बंद केल्यावर डेटा गायब झाला तर बोंब मारू नका, तो मेमरीतच असतो.

पोर्टच्या मारामाऱ्या थोडक्यात. ८०८० वर कॉक्रोचचा कन्सोल, पल्सर, स्पार्क मास्टर सगळेच हक्क सांगतात, ८०८१ वर स्कीमा रजिस्ट्री आणि फ्लिंक, ९०४२ वर कसांड्रा, सायला आणि युगाबाइट. मॅकवर युगाबाइटचं ७००० पोर्ट उघडत नसेल तर डेटाबेसला दोष देण्याआधी एअरप्ले रिसीव्हर बंद करा, तो मॉन्टेरेपासून ७००० अडवून बसतो.

साहेबांची अट होती "ओपन सोर्सच पाहिजे", त्यावरून पण एकदा वाजलं. डेमोचा कोड उघडा असला म्हणून आतलं इंजिन ओपन सोर्स होत नाही. काफ्का, कसांड्रा, पल्सर, युगाबाइटचा गाभा, टायडीबी हे अपाचे २.० या ओपन सोर्स परवान्यावर. कॉक्रोचने २०१९ ला अपाचे सोडलं आणि २०२४ ला अजून घट्ट केलं, रेडपांडा बीएसएलवर (कोड दिसतो पण वापरावर अटी), सायला २०२४ च्या शेवटी एजीपीएल हा ओपन सोर्स परवाना सोडून गेला. वापरू नका म्हणत नाही मी, पण तक्त्यात लिहा.

आता आमच्या तक्त्यात एकच कॉलम रिकामा आहे, "फास्ट कोण", आणि साहेब रोज विचारतात. तो मी अजून भरलेला नाही. जुन्या डेमोतला काफ्का क्लायंट २.८ चा आहे, त्यात ॲक्सचा (किती ब्रोकरनी पोच द्यायची त्याचा) डीफॉल्ट १, म्हणजे लीडरने घेतलं की झालं. नव्यातला ३ च्या पुढचा, त्यात डीफॉल्ट ऑल. कसांड्राचा ड्रायव्हर लोकल वनवर (एका नोडने हो म्हटलं की पुरे) वाचतो-लिहितो आणि डेमोची कीस्पेस (टेबलांचा गट) रिप्लिकेशन १ वर, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकच प्रत, अशी बनवलेली, म्हणजे तीन नोड नावाला, एक मारला की त्याच्याकडचा तिसरा हिस्सा गायब, आणि कॉक्रोच मात्र प्रत्येक लिखाणाला तीनपैकी दोघांची सही घेतो. यांची शर्यत लावायची म्हणजे एकाला फास्ट लोकल आणि दुसऱ्याला प्रत्येक स्टेशनवर थांबणारी स्लो द्यायची. ॲक्स ऑल, रिप्लिकेशन ३, लोकल कोरम (बहुमत) असं सगळीकडे सारखं करून परत १०,००० सोडतोय. काल रात्री लावून आलो, लॅपटॉप उघडला तर कंझ्युमर चालू होता.